सातचा पत्ता कोण उलटणार?

टेबलावर चार पत्ते आहेत: ए, के, 4 आणि 7. प्रत्येकाच्या एका बाजूला अक्षर, दुसऱ्या बाजूला आकडा. नियम असा की अक्षर स्वर असेल तर मागे सम आकडाच पाहिजे. नियम पाळलाय का हे बघायला नेमके कुठले पत्ते उलटायचे?

आमच्या सोसायटीतले काका, रिटायर्ड इंजिनियर, पेपरातलं सुडोकू पेनाने सोडवतात, ते चहाचा कप खाली न ठेवता म्हणाले, "ए आणि 4. त्यात काय एवढं!" बहुतेक जण हेच म्हणतात. पण 4 उलटून मिळणार काय, मागे के निघाला तरी नियम मोडत नाही, के च्या मागे काय असावं हे कुणी सांगितलंच नाहीये. उलटायचा असतो ए आणि 7, कारण 7 च्या मागे स्वर सापडला की नियमाचे बारा वाजले. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ पीटर वेसनने 1966 मध्ये हे कोडं मांडलं आणि शिकल्यासवरलेल्यांतसुद्धा शंभरातल्या जेमतेम दहा जणांनाच ते सुटतं. काकांना हे पटवायला गेलो तर म्हणे कोड्याची भाषाच संदिग्ध आहे. (पुण्यात माणूस चुकत नाही, प्रश्न चुकीचा असतो.)

मग म्हटलं काका, तुम्ही अलका चौकातले ट्रॅफिक हवालदार आहात असं धरा. ॲक्टिव्हा चालवायची तर 18 पूर्ण पाहिजेत. चार चिठ्ठ्या, एका बाजूला गाडी, दुसऱ्या बाजूला चालवणाऱ्याचं वय. दिसतंय काय तर ॲक्टिव्हा, सायकल, 20 वर्षं, 15 वर्षं. कुणाला अडवाल?

"ॲक्टिव्हावाल्याला आणि त्या पंधरा वर्षांच्या कार्ट्याला! क्लासला जाताना ट्रिपल सीट हिंडतात मेले."

कोडं तेच हो, एका अक्षराचा फरक नाही! 1982 मध्ये ग्रिग्ज आणि कॉक्स यांनी फ्लोरिडात बिअर आणि वयाचा नियम घेऊन असंच विचारलं तर जवळपास पाऊण लोकांना जमलं. मानसशास्त्रज्ञ लीडा कॉस्मिडीस तर म्हणतात की फसवणारा हुडकायला माणसाचं डोकं खास तयार झालंय. आमच्या सोसायटीच्या मीटिंगला एकदा बसल्या असत्या तर प्रयोगाचा खर्च वाचला असता.

वेसनचं त्याआधीचं, 1960 चं कोडं मला जास्त आवडतं. 2, 4, 6 हे एका नियमात बसतं, तुम्ही तीन-तीन आकडे सांगत जा, मी हो-नाही म्हणेन, नियम ओळखा. काकांनी लगेच 8, 10, 12 सांगितलं, मग 20, 22, 24, मग थेट 100 वर गेले, प्रत्येक "हो" ला मान डोलावत, आपल्याला खोटं पाडेल असं काही विचारावं हे डोक्यातच येत नाही कुणाच्या. नियम साधा होता, आकडे चढते हवेत, बास.

काकू आत भाजी निवडत होत्या, त्यांना काकांचं म्हणणं खोडून काढायची चाळीस वर्षांची सवय. तिथूनच ओरडल्या, "अहो, 6, 4, 2 चालतं का ते विचारा ना त्याला!"