शाळा सुटल्यानंतरचा मल्लखांब, आता शाळा भरायच्या आधी

जूनमध्ये शाळा उघडली आणि पहिल्याच आठवड्यात मुलीच्या डायरीत चिठ्ठी आली: शाळा सुटल्यावरचे मल्लखांब, चित्रकला आणि तबल्याचे वर्ग 'अपरिहार्य कारणास्तव' बंद. आमची शाळा पुण्यातली, पेठेतली, अनुदानित, मराठी माध्यमाची. मुलगी सातवीत, मल्लखांबाला तिसरीपासून जाते. खांबाला एरंडेल चोळतात ना, त्याचा वास तिच्या टी-शर्टांना इतका मुरलाय की ते मी वेगळेच भिजवते.

पालकांच्या ग्रुपवर लगेच धुरळा उडाला. कोणी म्हणे शिक्षणाधिकाऱ्यांकडे जाऊ, कोणी म्हणे यात संस्थेचंच काहीतरी आहे, मधेच एका काकांचा सुप्रभातचा गुलाब. मी शाळा व्यवस्थापन समितीवरच्या एका आईला बरोबर घेतलं आणि नेमकं काय अडलंय ते विचारायला मुख्याध्यापक बाईंकडे गेले.

अडलं होतं ते वेळेत. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नका, असं शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये सांगितलं. एकाच इमारतीत दोन सत्रं चालवणाऱ्या शाळांचं सगळं गणित त्याने हललं. आमच्याकडे एक वर्ष कसंबसं ढकललं, मग प्राथमिक पुढे सरकलं, माध्यमिक त्याच्यामागे, आणि मोठी मुलं सुटायलाच सव्वासहा वाजायला लागले. त्यानंतर मल्लखांब म्हणजे घरी यायला आठ.

दुसरी अडचण बाईंनी जरा आवाज खाली आणून सांगितली. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतलं लहान मुलींवरच्या अत्याचाराचं प्रकरण झालं, त्यानंतर शाळेत येणाऱ्या माणसांची पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी आणि सीसीटीव्ही याबाबत शासनाने कडक सूचना दिल्या. आमचे सर बाहेरून, मानधनावर येणारे. "उद्या काही झालं तर सही माझी आहे हो," बाई म्हणाल्या. त्यांचं काही चुकत नव्हतं. मुलगी माझीही तिथेच असते. पैशांचा विषय निघाला तो अगदी शेवटी, आणि तो त्या मानाने किरकोळ निघाला.

तोडगा सापडला फाटकाशी. आम्ही बाहेर पडताना शिपाईमामा म्हणाले, "ताई, सात ते नऊ शाळा रिकामीच असते की. मी आपला साडेसहाला येतोच, सवय जात नाही." लहानांची शाळा उशिरा भरते म्हणूनच सकाळचं मैदान मोकळं झालं होतं, आणि हे आमच्यापैकी कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. मल्लखांबाचे सर तर खूशच झाले. उपाशीपोटी सराव चांगला होतो, संध्याकाळी मुलं वडापाव खाऊन येतात, ही त्यांची जुनी तक्रार.

मग कागद. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ प्रमाणे अनुदानित शाळेच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. पण बहुतेक ठिकाणी ते सह्यांपुरतेच, आमच्याकडेही तसंच होतं. आम्ही लेखी अर्ज दिला, विषय बैठकीच्या विषयपत्रिकेवर घ्यायला लावला, पोच घेतली. अर्जात मागण्या कमी आणि जबाबदाऱ्या जास्त लिहिल्या: रोज दोन पालक पाळीने हजर राहतील, सरांची पडताळणी आम्ही पाठपुरावा करून आणू, वर्ग ऐच्छिक असतील, पैसे शाळेत पावतीवर भरले जातील, ज्यांना पैसे भरणं जमणार नाही त्यांच्या मुलांना त्यावरून कोणी काही विचारणार नाही. हे शेवटचं वाक्य काही पालकांना खटकलं. ते मी काढू दिलं नाही.

पडताळणीला सगळ्यात वेळ गेला. अर्ज ऑनलाइन होतो, पण पोलिस चौकीतून बोलावणं येईपर्यंत वाट बघावी लागते. चित्रकलेच्या बाईंचा भाड्याचा करारनामा संपलेला, म्हणून पत्त्याच्या पुराव्यावर अडलं. तो नवा करून घेईपर्यंत जुलै सरला. इकडे एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकलेच्या सरकारी परीक्षांना बसणारी मुलं कासावीस. परीक्षा दिवाळीआधी, आणि स्थिरचित्र नि संकल्पचित्र घरी यूट्यूब बघून थोडंच बसतं? इंटरमिजिएटच्या श्रेणीवर दहावीला वाढीव गुण मिळतात, म्हणून त्या पालकांचा रेटा सगळ्यात जोराचा होता. एरवी चित्रकलेला 'टाइमपास' म्हणणारेही त्यात होते, असो.

समितीत ठराव झाला, इतिवृत्तात आला, आणि ऑगस्टमध्ये दोन्ही वर्ग सुरू झाले. मल्लखांब आठवड्यातून तीन दिवस, चित्रकला दोन दिवस. गाद्या फाटल्या होत्या, त्या माजी विद्यार्थ्यांनी बदलून दिल्या. पाळीला येणाऱ्या बाबांपैकी एकजण आता स्वतःच खांबावर चढायला बघतात. सर त्यांना जवळ फिरकू देत नाहीत.

तबल्याचं मात्र जमलं नाही. सकाळी सातला तबला म्हटल्यावर शेजारच्या सोसायटीने आधीच नाक मुरडलं, आणि सरांनाही ती वेळ सोयीची नाही. दुसऱ्या सहामाहीत तबल्याला शनिवारची दुपार मिळावी असा अर्ज दिलाय, बैठक गणपतीनंतर आहे.