तिसरी वही भरली, रकाने बदलले

टेनिसच्या मॅच बघताना नोंदी करायची माझी तिसरी वही परवा संपली. दोनशे पानी, आखीव, पुठ्ठ्यावर शेंगाचटणीचा तेलकट डाग. पहिल्या दोन वह्यांत नाव, स्पर्धा आणि स्कोअर एवढंच उतरवत होतो. तिसरीत मध्येच रकाने बदलले. का बदलले ते आधी सांगतो, जरा लाजिरवाणं असलं तरी.

फेब्रुवारी २०२४ मध्ये पुण्याच्या एटीपी चॅलेंजरला (पुरुषांच्या टेनिसमधली मधल्या पायरीची स्पर्धा) गेलो होतो. पुतण्याकडे मुक्काम, बालेवाडीत दिवसभर बसणं. वहीत पाच पानं भरली आणि पाचही आपल्या पोरांवर. ती हरली तसा माझा रस आटला. फायनलची नोंद दोन ओळींची: ‘वाशरो (मोनॅको) जिंकला, वॉल्टन (ऑस्ट्रेलिया) हरला. शेवटचे दोन्ही सेट टायब्रेकला. ऊन.’

ऑक्टोबर २०२५ मध्ये याच वालांटिन वाशरोने शांघाय मास्टर्स जिंकली. क्रमवारीत २०४ वा, क्वालिफायिंग, म्हणजे आधीच्या पात्रता फेऱ्या, खेळून आत आलेला. सेमीफायनलला जोकोविच, फायनलला आर्थर रिंडरक्नेश, म्हणजे स्वतःचाच कझिन! दोघंही अमेरिकेतल्या टेक्सास ए अँड एमच्या कॉलेज टीममधून आलेले. आपली ऋतुजा भोसलेही त्याच कॉलेजकडून खेळली. वॉल्टन टेनेसी विद्यापीठाचा. म्हणजे बालेवाडीची ती फायनल दोन कॉलेजवाल्यांची होती, माझ्यापासून तीस फुटांवर चालली होती, आणि मी ‘ऊन’ लिहून मोकळा झालो होतो.

त्या दिवसापासून दोन गोष्टी ठरवल्या. एक, पासपोर्ट बघून पानं वाटायची नाहीत. दुसरी, स्कोअर वहीत कमी आणि बाकीचं जास्त. स्कोअर काय, मोबाईलवर कधीही मिळतो. आता रकाने असे आहेत: तीस-तीसला सर्व्हिस कुठे टाकली, समोरच्याच्या सेकंड सर्व्हिसला पाऊल पुढे घेतलं की मागे, लांबलेला गेम हरल्यावर पुढच्या गेमचे पहिले दोन पॉइंट कसे गेले. शेवटचा रकाना माझा लाडका. गेम हरून बेंचवर बसलेला खेळाडू टॉवेल कसा घेतो ते बघायचं आणि पुढचे दोन पॉइंट मोजायचे.

नवीन मंडळींसाठी थोडक्यात: आयटीएफ म्हणजे सगळ्यात खालच्या पायरीच्या व्यावसायिक स्पर्धा. पुरुषांच्यात एम १५ आणि एम २५, बायकांच्यात डब्ल्यू १५, ३५, ५०, ७५, १००. आकडा म्हणजे जिंकणाऱ्याला मिळणारे क्रमवारीचे गुण. एम १५ जिंकणाऱ्याला एटीपीचे १५ गुण. एक मॅच जिंकलात तर १. पहिल्याच फेरीत गेलात तर भोपळा आणि साधारण दीडशे डॉलर, त्यातून हॉटेल, तिकीट आणि रॅकेटची तार. पोरं हे वर्षभर कसं रेटतात हे मला अजून कळलेलं नाही. आमच्या सोलापूरला कुमठा नाक्यावर महिलांची आयटीएफ झाली तेव्हा एक परदेशी मुलगी हरल्यानंतर एकटीच तिन्ही रॅकेटची ग्रिप सोलून नवी गुंडाळत बसली होती. दुसऱ्या दिवशी तिची डबल्स होती. एवढीच नोंद त्या दिवशी वाचण्यासारखी.

अमेरिकेतलं कॉलेज टेनिस हे या वर्षीचं नवं व्यसन. त्याची मजा आपल्याकडच्या टीव्हीवाल्यांना कळलेली नाही. आधी तीन डबल्स, एकेका सेटच्या. त्यातल्या दोन जिंकल्या की मिळून एकच पॉइंट. मग सहा सिंगल्स एकदम सुरू, सहा कोर्टांवर. ज्या टीमचे चार पॉइंट आधी झाले ती जिंकली, बाकीच्या मॅच आहेत तिथे सोडून द्यायच्या. ड्यूसला एकच पॉइंट, अ‍ॅडव्हान्टेज नाही. पाच नंबरच्या कोर्टावरचं कुणीतरी अख्खी लढत मिटवतं आणि एक नंबरवाला स्टार सेट पॉइंटवर तसाच उभा राहतो. यात माझा तीस-तीसचा रकाना कोलमडला. तिथून पुढे फार तर तीनच पॉइंट उरलेले असतात, मग चाळीस-चाळीसचा वेगळा रकाना आखावा लागला.

अडचण वेळेची. टेक्सासमध्ये संध्याकाळचे पाच म्हणजे मे महिन्यात आपल्याकडे पहाटेचे साडेतीन. सोलापूरच्या मे महिन्यात तशीही झोप लागत नाही, पंखा नुसती गरम हवा फिरवतो, तेव्हा म्हटलं बघू या. २०२५ ची एनसीएए टीम फायनल, म्हणजे अमेरिकन कॉलेजांच्या राष्ट्रीय स्पर्धेची, वेक फॉरेस्ट विद्यापीठाने टीसीयूला (टेक्सास ख्रिश्चन विद्यापीठ) ४-२ ने हरवून जिंकली. वेक फॉरेस्टच्या टीममध्ये मदुराईचा दक्षिणेश्वर सुरेश होता. त्याच्यासाठी मी पान आखून ठेवलं होतं, एकदाचं काहीतरी बरोबर केलं. सप्टेंबरमध्ये तो डेव्हिस कपला स्वित्झर्लंडमध्ये उतरला, क्रमवारीत सहाशेच्याही मागे असताना, आणि जेरोम किमला हरवून आला. भारत ३-१. ऑफिसात चहाला मी हे सांगितलं तर एकाने विचारलं, “सुरेश म्हणजे रैना का?”

फजितीही लिहून ठेवतो. एका मुलाला बघायला पहाटेची हुतात्मा एक्सप्रेस पकडून पुण्याला गेलो. एंट्री लिस्टमध्ये नाव होतं. कोर्टावर पोचल्यावर ड्रॉ पाहिला, नावच नाही. आदल्या दिवशी माघार घेतलेली. एंट्री लिस्ट म्हणजे लग्नपत्रिका, ड्रॉ म्हणजे पंगत. पानावर बसेपर्यंत कुणाचं काही खरं नाही. तो दिवस मग अनोळखी पोरांची क्वालिफायिंग बघण्यात घालवला, आणि खरं सांगायचं तर वहीतली सगळ्यात चांगली तीन पानं त्या दिवशीची आहेत.

शेवटची नोंद चौदा वर्षांखालच्या मुलींची, आपल्याच गावातली. या वयात खुर्चीवर अंपायर नसतो. बॉल आत की बाहेर हे आपापल्या बाजूचं स्वतः सांगायचं, स्कोअरही स्वतःच ओरडायचा. दुसऱ्या सेटमध्ये निळ्या टोपीवाली म्हणाली चाळीस-तीस, पांढरीवाली म्हणाली तीस-चाळीस. रेफ्री आले. नियम असा की दोघींना मान्य असलेले पॉइंट तेवढे धरायचे आणि तिथून पुढे खेळायचं. मग त्या दोघी जाळीजवळ उभ्या राहून एकेक पॉइंट आठवायला लागल्या: तुझा नेटमध्ये गेला तो, मग माझा लाइनवरचा, मग ती लांब रॅली. चौथ्या पॉइंटवर गाडी अडली. तीस-तीसवर एकमत झालं आणि खेळ सुरू. पालकांच्या बाजूला मात्र अजून धुसफुस चालू होती.

निळी टोपी हरली. पण सेकंड सर्व्हिसला तिने एकदाही हात आखडला नाही. या वयातली बहुतेक पोरं दुसरा बॉल नुसता उचलून पलीकडे ठेवतात आणि चौदा वर्षांखाली त्यावर जिंकतातही. ही पूर्ण हात फिरवत होती, बॉल जाईल तिथे जाईल. तिच्या नावापुढे मी दोन रेघा ओढल्या.

शेजारी तिचे वडील बसले होते, लातूरहून आलेले. मॅचभर माझ्या वहीकडे तिरक्या नजरेने बघत होते. शेवटी राहवलं नाही.

“काका, पेपरवाले का तुम्ही?”

“नाही हो, हौस आहे.”

“मग डबल फॉल्ट तेवढे लिहू नका.”

लिहिलेले होते. अकरा.