तुम्ही विचारलंत म्हणून: ओसाकातली तीन चटयांची खोली

"जपान एवढं महाग, मग तुम्ही राहता कुठे?" आणि लगेच आवाज खाली आणून, "एकट्या बाईला भीती नाही वाटत?" बँकेतल्या जुन्या मैत्रिणी विचारतात, भाचीच्या लग्नात व्याह्यांकडच्या बायकांनीही विचारलं. दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकाच जागेत आहे, म्हणून एकदा सविस्तर सांगते.

ओसाकात मी उतरते ती निशिनारी वॉर्डात, शिन-इमामिया स्टेशनच्या दक्षिणेला. २०१८ साली पहिल्यांदा गेले तेव्हा रात्रीचे १,९०० येन पडले, म्हणजे तेव्हाचे साधारण बाराशे रुपये. त्यात स्वतःची खोली, दाराला कुलूप, अंथरूण-पांघरूण, छोटा फ्रिज. संडास, बेसिन आणि न्हाणीघर सगळ्यांत मिळून. विमानतळावरून नानकाई रेल्वेची गाडी पाऊण तासात थेट याच स्टेशनात आणून सोडते. नाम्बाचा बाजार चालत अर्ध्या तासावर. इतक्या मोक्याच्या जागी इतकं स्वस्त कसं, हे मात्र मला कुणी विचारत नाही. खरं तर विचारायला हवं ते हेच.

खोली तीन तातामींची होती. तातामी म्हणजे गवताची जाड चटई, साधारण सहा फूट बाय तीन. तीन चटया म्हणजे पन्नासेक चौरस फूट. फुतोन, म्हणजे तिथली गादी, अंथरली की चालायला एक पट्टी उरते. पहिल्या रात्री आडवी झाले, हात पसरले, तर बोटं दोन्ही भिंतींपाशी पोचली. ही खोली पर्यटकाच्या मापाने बांधलेली नाही, हे तेव्हाच जाणवलं. ती एका माणसाच्या झोपेच्या मापाने बांधली होती.

तो माणूस म्हणजे रोजंदारीवरचा मजूर. या वस्तीचं जुनं नाव कामागासाकी. जपानीत उतरायच्या जागेला 'यादो' म्हणतात. मजुरांनी तो शब्द उलटा केला आणि 'दोया' म्हणू लागले. माणसाने राहावं अशी ही जागाच नाही, असं त्यातून सुचवायचं होतं म्हणतात. १९७० साली ओसाकात जागतिक प्रदर्शन भरलं, सहा कोटींहून जास्त लोकांनी ते पाहिलं. त्याचे मंडप, रस्ते, रेल्वे बांधायला देशभरातून माणसं आली. कुणी शेती सोडून, कुणी कोळशाच्या खाणी बंद पडल्या म्हणून. ती या दोयांत झोपली. पहाटे नाक्यावर उभं राहायचं, मुकादम गाडी घेऊन येणार, नेईल त्याला त्या दिवसाची मजुरी. वयं झाली, १९९० नंतर बांधकामं आटली आणि खोल्या रिकाम्या पडू लागल्या. काही दोया सरकारी मदतीवर जगणाऱ्या म्हाताऱ्यांची घरं झाल्या, काहींनी पाटी बदलून परदेशी पाहुणे घ्यायला सुरुवात केली. मी ज्या दाराने आत जाते ते यातलंच एक.

माझे वडील, आमचे दादा, साताऱ्याकडून मुंबईला आले ते गिरणीत बदली कामगार म्हणून. लालबागच्या चाळीत गावकऱ्यांच्या खोलीत राहिले. दहा बाय बाराची खोली, वीस-बावीस माणसं, तीन पाळ्या. एक उठून कामावर गेला की त्याच्या वळकटीच्या जागी दुसऱ्याची वळकटी. जेवण खानावळवाल्या मावशींकडे, पगाराला हिशोब. स्वतःची म्हणून फक्त ट्रंक, तीही फळीवर. ते सांगायचे, "कूस बदलायची तर शेजाऱ्याला विचारून." त्यांना कामागासाकीचं नाव कधी ठाऊक नव्हतं. मी मात्र तिथल्या तीन चटयांवर पडले तेव्हा एकच मनात आलं. दादांना अशी एक खोली, दाराला आतून कडी असलेली, आयुष्यात एकदा तरी मिळायला हवी होती.

आता दुसरा प्रश्न, भीतीचा. पहिल्या संध्याकाळी वाटली, खोटं कशाला सांगू? रस्त्याच्या कडेला म्हातारे पुरुष बसलेले, हातात काचेच्या पेल्यातली स्वस्त दारू, काहीजण पुठ्ठ्यावर आडवे. कुणी माझ्याकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी हॉटेलातल्या नाण्यांच्या वॉशिंग मशीनपुढे मी बटणं वाचत गोंधळून उभी होते, तेव्हा तिथे वर्षानुवर्षं राहणाऱ्या एका आजोबांनी न बोलता बोटाने दाखवलं: हे थंड पाणी, इथे साबण, नाणी इकडे. मग किंचित वाकून निघून गेले. आपण घाबरलो होतो ते नेमक्या याच माणसाला, हे कळल्यावर मला स्वतःचीच लाज वाटली.

तरी बायकांनी काही गोष्टी आधी विचाराव्यात. काही दोया अजूनही फक्त पुरुषांना घेतात. बायकांसाठी वेगळा मजला आहे का, आणि सामाईक न्हाणीघर बायकांना कुठल्या वेळात खुलं, हे पाहूनच खोली ठरवा. माझ्याकडे तो वेळ रात्रीचा एक-दीड तासच होता. दिवसभराची पायपीट करून परतायचं, खाली लाकडी कप्प्यात चप्पल ठेवायची, काउंटरवरच्या बाई "ओकाएरिनासाई" म्हणायच्या, म्हणजे "आलात घरी", आणि आपण "तादाइमा", म्हणजे "आले", म्हणायचं. मग टॉवेल घेऊन न्हाणीघरात. छोट्या स्टुलावर बसून आधी अंग साबणाने घासून स्वच्छ धुवायचं आणि मगच टाकीतल्या कढत पाण्यात उतरायचं. विवस्त्र, अनोळखी बायकांसोबत. पहिल्या दिवशी दारातून परत फिरले होते. तिसऱ्या दिवशी पाय त्या पाण्यात गेले आणि दिवसभराचा ठणका उतरला. अंगमेहनत करणाऱ्या माणसाला ती टाकी काय वाटत असेल, ते मला तेव्हा समजलं.

बाकीचं पटकन सांगते. भिंती पातळ असतात, फोनवर बोलायचं तर बाहेर जाऊन. पासपोर्टची झेरॉक्स घेतात, तो तिथला कायदा आहे. सामाईक स्वयंपाकघरात फोडणी करू नका, भात लावा. मी मेतकूट आणि तूप नेते. शाकाहारी असाल तर रस्सा दिसेल तिथे मासळीचा अर्क आहे असंच धरा. जवळच तोबिता ही जुनी वेश्यावस्ती लागते, तिकडे हिंडायला जाऊ नका. आणि कॅप्सूल हॉटेलबद्दल, म्हणजे पेटीएवढ्या कप्प्यात झोपायच्या हॉटेलाबद्दल विचारता, तर ते जन्मलं याच शहरात, १९७९ साली, उमेदा भागात. पण मला पेटीपेक्षा खोली बरी वाटते.

एक गोष्ट मात्र पटकन सांगून पुढे जाता येणार नाही. एका सकाळी आमच्याच हॉटेलातला एक तरुण प्रवासी, रस्त्यावर झोपलेल्या माणसाचा चेहरा जवळ जाऊन मोबाइलवर टिपत होता. मी त्याला थांबवलं. या वस्तीला अशा नजरेचा जुना जाच आहे. १९६१च्या ऑगस्टमध्ये इथे एका मजुराला टॅक्सीने उडवलं, पोलिसांनी त्याच्यावर चटई टाकली आणि तो तसाच पडून राहिला. त्यावरून दंगल पेटली. पुढे १९६६ साली सरकारने वस्तीचं नावच बदललं, 'आइरिन' ठेवलं, म्हणजे शेजाऱ्यावर प्रेम. माणसं अजूनही कामागासाकीच म्हणतात. ऑगस्टच्या मध्यावर त्रिकोणी बागेत उन्हाळी उत्सव होतो, तेव्हा मेलेल्या मजुरांचं स्मरण करतात. स्वस्त खोली घ्या, हवी तितके दिवस राहा, पण झोपलेल्या माणसाचा फोटो काढू नका. माझं एवढं ऐका.

२०२३ मध्ये पुन्हा गेले. भाडं २,८०० येन झालेलं. मजुरांचं मोठं केंद्र, ज्याच्या छपराखाली पहाटे माणसं जमायची, ते २०१९ मध्येच बंद झालं होतं. स्टेशनच्या उत्तरेला एक आलिशान हॉटेल उभं राहिलेलं. मी जुन्याच ठिकाणी गेले आणि तीन चटयांचीच खोली मागून घेतली.

त्या खोलीच्या खिडकीतून त्सुतेनकाकू मनोरा दिसतो, १९५६ साली पुन्हा उभारलेला. त्याच्या माथ्यावरचा दिवा उद्याचं हवामान सांगतो: पांढरा म्हणजे ऊन, नारिंगी म्हणजे ढग, निळा म्हणजे पाऊस. जपानी मजुरांत जुनं म्हणणं आहे की खोदकाम करणाऱ्याला मारायला सुरी लागत नाही, तीन दिवस पाऊस पडला की पुरे. निघायच्या आदल्या रात्री दिवा निळा होता. मी छत्री दाराशी ठेवली. पहाटे पाचला जाग आली तर पाऊस लागलेला, आणि जिन्यावर कुणाच्याच पावलांचा आवाज नव्हता.