बाकीच्या नऊ जणांना?

शिगमो, म्हणजे आमचा गोव्याकडचा शिमगा, त्याच्या आदल्या आठवड्यातली दुपार. जेवण आटोपून मी सुपारी कातरत बसले होते, तर समोरच्या खोलीत मिरवणूक सुरू. नात, वय वर्षं चार, उशीवर बसलेली. ती उशी म्हणजे फुटपाथ. लेक मोबाईलवर बँड लावून, पोट पुढे काढून, हात हलवत तिच्यासमोरून जात होती. मे महिन्यात हाँगकाँगच्या डिस्नेलँडला जायचं आहे ना, त्याची रंगीत तालीम.

"मिकी आला की काय करायचं?"

"टाटा करायचं."

"आणि अगदी जवळ आला तर?"

नात जरा गप्प. मग म्हणाली, "तू मला उचलून घे."

हे उत्तर अभ्यासक्रमात नव्हतं.

लेकीने तयारी मात्र कसून केली होती. रोज एक व्हिडिओ, आवाज आज थोडा, उद्या जास्त. मुखवट्यातली पात्रं तिथं सहसा बोलत नाहीत, नुसते हातवारे करतात, हेही सांगून झालं होतं. मला विचाराल तर न बोलणाऱ्याचीच भीती जास्त. पण मला कोण विचारतंय!

आमची अशी तयारी कुणी करून घेतली नाही, असं मी म्हणणार होते. पण ते खोटं.

माझं आजोळ पेडण्याकडचं. दहीकाल्याच्या, म्हणजे दशावतारी नाटकाच्या रात्री गणपती, सरस्वती येऊन गेले की संकासुर यायचा. अंगभर काळं, तोंडावर काळा बुरखा, लाल जीभ लोंबती. पाच वर्षांची असताना मी त्याला पाहून जी आजोबांच्या धोतरात तोंड खुपसलं, ते विष्णूने त्याला मारलं तरी वर काढलं नाही. पुढच्या वर्षी आजोबांनी मला संध्याकाळीच रंगपटात नेलं. तिथं पत्र्याच्या ट्रंकेवर एक काटकुळा माणूस बशीतून चहा पीत होता. बुरखा मांडीवर घडी करून ठेवलेला. "हात लाव गो," तो म्हणाला. लावला. जीभ म्हणजे लाल फडकं, कडेने टीप मारलेलं, एका कोपऱ्यात उसवलेलं. "बघितलंस? माणूसच," आजोबा म्हणाले.

रात्री तो माणूस आलाच नाही. संकासुर आला! मी पुन्हा धोतरात. फक्त या वेळी एक डोळा बाहेर ठेवला होता, उसवलेला कोपरा दिसतो का ते बघायला.

तेव्हापासून सोंग कुठलंही असो, मी आधी पायांकडे बघते. तोंड रंगवतात, पायातल्या चपला घरच्याच असतात.

म्हटलं, हाँगकाँगचं पुढे बघू, हिला आधी आपल्या फोंड्याचा शिगमो दाखवते. "ढोलांनी घाबरेल ती," लेक म्हणाली. ढोलांनी काही झालं नाही. रोमटामेळ, म्हणजे ढोल बडवत नाचणारा जमाव, 'ओस्सय, ओस्सय' करत अंगावरून गेला तरी ही भुईमूग खात होती. घोडेमोडणीवाले कमरेला घोडे बांधून आले तेव्हा मला कोपराने ढोसून म्हणाली, "आज्जी, घोड्याला दोनच पाय!" माझ्यावर गेली आहे.

मग चित्ररथ. पुढचा कुठला तरी वळणावर अडकला आणि रावण नेमका आमच्यासमोर येऊन थांबला. एक तोंड खरं, नऊ थर्माकोलची. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. घामाने मिशी एका बाजूने सुटलेली. खालून कुणीतरी सरबताचा ग्लास वर दिला, त्यात नळी. रावण पिऊ लागला.

"आज्जी," नात मोठ्याने म्हणाली, "बाकीच्या नऊ जणांना?"

रावणाने ऐकलं. त्याला नुसती मान वळवता येईना, म्हणून दहाही तोंडांसकट अख्खा वळला, थेट आमच्याकडे. मग ग्लास उचलून शेजारच्या थर्माकोलच्या तोंडाला लावला. नंतर त्याच्या शेजारच्या.

पोरीने जी किंकाळी फोडली! माझ्या अंबाड्यातला गजरा तिच्या मुठीत गेला तो घरी येईपर्यंत सुटला नाही. हसत होती की रडत होती, मला अजून सांगता येणार नाही.

रात्री अंथरुणात पडल्या पडल्या तिने आईला विचारलं, "मिकीला तहान लागली तर तो कुठून पितो?"

लेकीने माझ्याकडे पाहिलं. मी अडकित्ता शोधायला उठले.