फांद्यांचे भारे वर आणले

मागच्या नोंदीत म्हटलं होतं की माशांच्या पिल्लांना आसरा म्हणून जलाशयात बुडवलेल्या फांद्यांच्या भाऱ्यांपाशी ती फिरकतच नाहीत. कारण सापडलं. भारे पाच मीटर खोल होते आणि तिथे ऑक्सिजनच नव्हता.

ऑक्सिजन मोजायच्या यंत्राच्या तारेला अर्ध्या-अर्ध्या मीटरवर खुणा करून भर दुपारी मोजत खाली गेलो. वर २९ अंश, ऑक्सिजन लिटरला ७.१ मिलिग्रॅम. तीन मीटरपर्यंत आकडे फारसे हलले नाहीत. साडेतीन मीटरला पाणी एकदम गार लागलं आणि चार मीटरला ऑक्सिजन १.२! उन्हाळ्यात वरचं कोमट, हलकं पाणी खालच्या गार, जड पाण्यावर झाकणासारखं बसतं. खाली गाळ कुजत ऑक्सिजन खात राहतो आणि वरून भरपाई होत नाही. उष्ण पाण्यातल्या बहुतेक माशांना ५ च्या आसपास तरी हवा असतो. २ च्या खाली जीवावर बेततं. आपण आसरा दिला तो गुदमरायच्या जागी, याचं फार वाईट वाटलं.

दोन रविवार खपून सगळे भारे ओढून काढले. आता ते एक, दोन आणि तीन मीटरवर, उताराला धरून ओळीने सोडलेत. एकाच खोलीवर ठेवले असते तर जलाशयाचं पाणी उतरताच सगळेच उघडे पडले असते. काठच्या उथळ पाण्यात घातलेली अंडी अशीच सुकतात, म्हणून विणीच्या दिवसांत पातळी स्थिर राहणं फार मोलाचं. भाऱ्यांच्या मधोमध बारीक काटक्या दाटीने बांधल्यात, मोठ्या माशाला आत घुसता येऊ नये म्हणून. तिसऱ्या आठवड्यात त्यांतून बोटभर पिल्लांचा थवा निघाला. कितीतरी वेळ तिथेच बसून राहिलो.

पाणवनस्पती सगळ्या उपटू नका, हे पुन्हा सांगतो. आम्ही साधारण एक तृतीयांश काढल्या, तेही हाताने आणि पूर्ण काठाबाहेर. पाण्यात सोडल्या तर कुजून ऑक्सिजन खातात आणि शेवाळाला खत मिळतं.

ऑक्सिजन दुपारी मोजून समाधान मानू नये. रात्री वनस्पती ऑक्सिजन तयार करत नाहीत, वापरतात मात्र सगळेच; त्यामुळे नीचांक उजाडण्याच्या सुमारास येतो. आमच्याकडे पहाटे साडेपाचला पृष्ठभागावर ४.४ भरला. माझ्या मते नोंदवहीतला सर्वांत महत्त्वाचा आकडा हाच.

तळाशी हवेचा पंप लावून लगेच पूर्ण वेळ चालवावा, असं एका सोबत्याचं म्हणणं आहे. मी थांबवलंय. ऐन उन्हाळ्यात दोन्ही थर एकदम ढवळले तर तळाचं ऑक्सिजन नसलेलं पाणी वर येऊन मासे मरू शकतात. लावलाच तर पहिल्या दिवशी थोडाच वेळ, मग रोज वाढवत. त्याआधी ढगाळ दिवसांतली पहाटेची मापं हवीत. ती या आठवड्यात घेतोय.