कॉपी, पेस्ट आणि ‘नाव छोटं करा’

फोल्डर बनवून फायली लावणं हे काही कठीण काम नाही. ‘फोटो’, ‘कागदपत्रं’, ‘ऑफिस’ असं सगळं एका बैठकीत मार्गी लागलं. मला रडवलं ते हे सगळं उचलून बाहेरच्या हार्ड डिस्कवर टाकताना. हिरवी पट्टी मध्येच थबकली आणि विंडोजचा निरोप आला: नाव फार लांब आहे, छोटं करा. खाली ‘स्किप’चं बटण. फाइलचं नाव काय, तर ‘प्रमाणपत्र १’. यात आणखी काय छोटं करायचं, कपाळ?

संताप यायचं कारण असं की लांबी फाइलच्या नावाची नसतेच. ड्राइव्हच्या अक्षरापासून फाइलपर्यंतचा अख्खा पत्ता मोजला जातो आणि जुनी मर्यादा आहे २६० अक्षरांची. पण निरोपात हे कुठे सांगतील तर शपथ! माझ्याकडे ‘जुना डेस्कटॉप’च्या पोटात ‘जुन्या कॉम्प्युटरवरचा बॅकअप’, त्याच्या पोटात आणखी एक ‘नवीन फोल्डर’. मूळ जागी सगळं कसंबसं मावत होतं. नव्या डिस्कवर वर आणखी एक फोल्डर आला आणि गाडी अडली.

त्यात नावं मराठीत. आपण ‘प्रमाणपत्र’ पाच अक्षरांत वाचतो, कॉम्प्युटर दहा मोजतो. काना वेगळा, हलन्त वेगळा. हे कळेपर्यंत मी बिचाऱ्या फायलींचीच नावं छाटत बसले होते.

उपाय बाहेरून आत. सर्वांत वरच्या फोल्डरचं नाव सरळ ‘ब’ करा, मग त्याखालचं, की आतल्या सगळ्या फायलींचा पत्ता एका फटक्यात आखूड होतो. विंडोज १० मध्ये २०१६पासून ही मर्यादा उठवायची सेटिंग आहे, पण ती प्रोग्रामनेही मानावी लागते. माझ्या फाइल एक्सप्लोररने तिला धूप घातली नाही. विंडोजमध्येच असलेल्या रोबोकॉपी या फायली कॉपी करायच्या प्रोग्रामने मात्र उरलेलं निमूट उचललं. कमांड टाइप करावी लागते एवढंच.

‘स्किप’ दाबताना ‘सगळ्यांसाठी हेच’ ही खूण चुकूनही करू नका, काय राहिलं ते नंतर शोधत बसाल. कॉपी झाली की दोन्हीकडच्या फोल्डरवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये फायलींचा आकडा जुळवा. तो जुळल्याशिवाय मी जुनं काहीच डिलीट केलं नाही, आणि जुळला तेव्हा खरं सांगते, एकटीच हसले.

हो, सुरुवातीलाच सांगायला हवं होतं: डिस्क एफएटी३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेली असेल तर ४ जीबीची किंवा त्याहून मोठी एक फाइल तिच्यावर मावत नाही, मग पत्ता कितीही आखूड असो. आधी ते बघा. आणि तारखा नावात २०२३-०४-०९ अशा, वर्ष आधी ठेवून लिहा, म्हणजे नावानुसार लावलं तरी क्रम बरोबर येतो. तिरकी रेघ चालत नाही.