आरतीतली शिंक

कोकणातल्या घरी गणपतीची दुपारची आरती. माजघरात चाळीस माणसं, बाहेर भाद्रपदातला पाऊस, निरांजनाची ज्योत नुकती कुठे सावरलेली. तेवढ्यात मागून एक सणसणीत शिंक. टाळ थांबत नाहीत, पण पाचसहा माना हळूच वळतात. कोण? तर मुंबईहून कालच्या गाडीने आलेला चाकरमानी. मान वळवणाऱ्यांच्या मनात त्या क्षणापासून एकच हिशोब सुरू होतो: आपण त्याच्यापासून किती हात लांब?

शिंकेबद्दल आपल्याकडे जुना नियम आहे. निघताना कोणी शिंकलं तर निघणाऱ्याने दोन मिनिटं थांबायचं. शिंकणाऱ्याने घरी थांबावं असं मात्र कोणी कधी म्हटलं नाही.

आजीचा सगळा राग पावसावर. "डोका पूस आधी, नायतर पडसा येतला." इंग्लंडात सॉल्सबरीजवळ 1946 साली केवळ सर्दीच्या अभ्यासासाठी एक केंद्र उघडलं होतं. तिथे हौशी मंडळींना ओल्या अंगाने वाऱ्याच्या बोळात उभं करून पाहिलं. नुसत्या गारठ्याने सर्दी होते असं काही सिद्ध झालं नाही. म्हणजे आजी हरली? तेवढं सोपं नाही. 2005 साली कार्डिफमध्ये 90 जणांना वीस मिनिटं थंडगार पाण्यात पाय बुडवून बसवलं आणि 90 जणांना कोरडंच ठेवलं. पुढच्या चारपाच दिवसांत भिजलेल्यांपैकी 13 जणांनी सर्दी झाल्याचं सांगितलं, कोरड्यांपैकी 5 जणांनी. विषाणू नाकात आधीच दबा धरून असेल तर गारठा त्याला वाट करून देत असावा, असा त्यावरचा तर्क. आजीला निम्मे गुण द्यायला हरकत नाही.

पण मुळात विषाणू हवाच, आणि तो आणतं माणूस. सर्दीचा नेहमीचा मानकरी ऱ्हायनोव्हायरस, त्याचे शंभराहून जास्त प्रकार, म्हणून एकदा होऊन गेली तरी पुन्हा होते. शिरकावापासून नाक वाहेपर्यंत साधारण एक ते तीन दिवस. चतुर्थीच्या रात्री पाच घरच्या आरत्या फिरून मिळालेला हा प्रसाद गौरी येईपर्यंत रंग दाखवतो, आणि दोष जातो ऋषिपंचमीला खाल्लेल्या तवशाच्या, म्हणजे मोठ्या काकडीच्या, फोडींवर. नाहीतर विसर्जनाला गुडघाभर पाण्यात उभं राहण्यावर. तवसं बिचारं निर्दोष असतं.

खरी जोखीम आरती संपल्यावर. तबक फिरतं, प्रत्येक जण ज्योतीवरून तळवे फिरवतो आणि ते लगेच डोळ्यांवरून, तोंडावरून फिरवतो. भक्तिभावाने विषाणूला याहून सरळ रस्ता दाखवता येणार नाही. डोळ्यांतलं पाणी नाकातच उतरतं, तेव्हा डोळा चोळणं आणि नाकात बोट घालणं यात विषाणूच्या दृष्टीने फरक नाही. ज्योतीची ऊब हात निर्जंतुक करण्याइतकी नसते. तितकी असती तर तळहात पोळले असते. आणि त्याच हातांत जरा आधी कोणाच्या तरी झांजा होत्या. झांजेची दोरी एका रात्रीत दहा मुठींतून जाते, आणि हा विषाणू हातावर तासदोन तास सहज तग धरतो. आरती घ्यावी, कपाळाला लावावी, डोळे सोडावेत. देव तेवढ्यावर रागावत नाही.

मग हात धुणं. साबण लावून वीस सेकंद, म्हणजे मनातल्या मनात आरतीचं एक कडवं, दुगणीत नव्हे. बोटांच्या बेचक्या आणि अंगठा हमखास राहतात. एवढं सगळं करून माणूस हात पुसतो कशाला? न्हाणीच्या दोरीवर सकाळपासून लटकणाऱ्या त्या एकाच ओल्या पंच्याला, ज्याला अख्ख्या वाडीने हात पुसलेले असतात. हात झटकून वाळवले तरी चालतात.

हवेचं गणित त्याहून अवघड. जुन्या कौलारू घराला फटींतून आपोआप श्वास मिळायचा. आता स्लॅबची घरं, त्यात ज्योत विझू नये म्हणून खिडक्या बंद, पंखाही बंद, आणि चाळीस गळे टिपेला. बोलण्यापेक्षा मोठ्याने गाताना तोंडातून कितीतरी जास्त तुषार उडतात. पाऊस कोकणात बहुतेक पश्चिमेकडून झोडपतो, तेव्हा तिकडची खिडकी लावावी आणि मागलं दार सताड उघडं ठेवावं. उदबत्तीच्या धुराकडे बघावं. तो छताखाली ढगासारखा साचला तर हवा अडलेली आहे. दाराकडे वळला तर ठीक. सगळे गणपतीकडे तोंड करून गातात, म्हणून उत्तम जागा शेवटच्या रांगेत, दाराशी: पाठीमागे कोणी नाही, मानेवर कोणाचा श्वास नाही. चाकरमानी नेमका तिथेच उभा असतो. उशिरा आल्यामुळे.

एवढं करूनही सर्दी व्हायची ती होते, आणि मग गंमत सुरू होते भजनाच्या बुवांची. म आणि न यांना नाकातून वाट लागते. ती बंद झाली की म चा ब आणि न चा द होतो. 'बंगलबूर्ती बोरया' असा गजर झाला की कोरसवाले हसू दाबत टाळ जोरात वाजवतात. बुवांनी त्या रात्री चाल खालच्या पट्टीत धरावी. वरच्या सुराला जोर लावला की घसा दोन दिवस बसतो.

औषध असं नाही. अँटिबायोटिकचा विषाणूवर काडीचा परिणाम होत नाही. मिठाच्या कोमट गुळण्या, विश्रांती आणि कुळथाची पिठी. तीन वाट्या पाण्याला चार चमचे पीठ, पण ते आधी अर्धी वाटी गार पाण्यात कालवायचं. उकळत्या पाण्यात कोरडं टाकलं की गुठळ्या झाल्याच. गणपती घरात आहेत तोवर बऱ्याच घरांत लसूण वर्ज्य, तेव्हा फोडणी मोहरी, हिंग आणि हिरव्या मिरचीवर भागवायची. तीनचार आमसुलं, मीठ, आणि उकळी फुटेपर्यंत ढवळणं थांबवायचं नाही. मऊ भातावर ओतून, नाकातून पाणी येईपर्यंत गरम गरम.

शेजारच्या घरात झांजा वाजू लागतात, पुढची आरती उभी राहिली. आधी हळूच डोकावून झांजा कोणाच्या हातात आहेत ते बघायचं.